कुंपणाचा पिक्चर

बायको पुण्याला गेली ती सहा आठवड्यांसाठी, आणि परत आली दोनशे एकतिसाव्या दिवशी. तिच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायला तेव्हा परवानगी लागायची. ती तिसऱ्या अर्जाला मिळाली. बायको तिकडे पोचली आणि महिनाभरात तिकडची दुसरी लाट आली, इकडे येणारी विमानं बंद झाली. नंतर सुरू झाली तीही इतकी मोजकी, की तिचं तिकीट चार वेळा रद्द झालं. मुलगी टूनगॅबीला तीन मैत्रिणींबरोबर घर घेऊन राहायची. आमच्या वॉलॉंगॉंगच्या घरापासून नव्वद किलोमीटर. एरवी दर दुसऱ्या रविवारी ट्रेनने यायची. जूनच्या शेवटी लॉकडाऊन लागला, पुढे घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही असा नियम झाला, आणि तेही थांबलं.

तीन बेडरूमच्या घरात मी एकटा. माझं काम वजनकाटे तपासायचं. कारखान्यांतले मोठे काटे ठरलेल्या वजनांनी पडताळून पाहायचे, किती ग्रॅमचा फरक येतो ते लिहायचं, सही करायची. त्या काळात आठवड्यातले दोनच दिवस जागेवर जायचो, तीन दिवस घरून रिपोर्ट. जेवण एकाच पातेल्यात करायचो. एका मंगळवारी मीटिंग नव्हती, म्हणून सहज दिवसभरात मोठ्याने बोललेले शब्द मोजले. नऊ भरले. त्यातले चार शेजारच्या म्हाताऱ्याशी. तो कुंडीला पाणी घालता घालता म्हणाला, "यू राइट, मेट?" मी म्हणालो, "गुड, थँक यू, गुड." उरलेले पाच दूध उतू गेलं तेव्हाचे, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

ऑगस्टमध्ये आमच्याच रस्त्यावर चार घरं सोडून कोणीतरी घर रिकामं केलं. इकडे नको असलेलं सामान फुटपाथलगतच्या गवतावर ठेवून देतात, ज्याला हवं त्याने न्यावं. एका खोक्यावर मार्करने 'फ्री' लिहिलं होतं. आत डीव्हीडी होत्या, तेवीस. सगळ्यांवर घोडे, टोप्या आणि पिस्तुलं. मी खोकं उचलून आणलं आणि गॅरेजमध्ये तीन दिवस तसंच ठेवलं. चौथ्या दिवशी एकेक कव्हर सॅनिटायझरने पुसलं. पुसताना मुलीचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, व्हॉट आर यू डुइंग?"

"डीव्हीडी पुसतोय. तीन दिवस क्वारंटाइन केल्या होत्या."

"बाबा! इट डझन्ट स्प्रेड लाइक दॅट एनीमोर."

"असू दे. नियमाने केलेलं बरं."

"हूज रूल?"

"माझा."

ती हसली. मग मराठीत म्हणाली, "तुम्ही जेवता ना नीट?" ती मराठीत बोलली की मला काळजी वाटते; ती तिला काळजी वाटल्याशिवाय मराठीत बोलत नाही.

शनिवार-रविवारी दुपारी मी एकेक डिस्क लावायला लागलो. या पिक्चरांचं एक बरं असतं, मोजायला पुष्कळ मिळतं. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून एकाने सलग नऊ बार काढले. दुसऱ्या एकाचा घोडा डोंगर चढताना तपकिरी होता आणि उतरताना काळा. हे सांगायला घरात कोणी नव्हतं, म्हणून मी एका वहीत लिहून ठेवायचो.

सातवी डिस्क लावली तो रविवार होता. सुरुवातीलाच मोठं मोकळं माळरान, मागे निळसर डोंगर, आणि एक माणूस जमिनीत खांब ठोकतोय. शेजारी बैलगाडीसारखी गाडी, तिच्यात काटेरी तारेची वेटोळी. करड्या टोपीचा एक मिशाळ माणूस घोड्यावर बसून ते काम बघतोय. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो. हा पिक्चर मी पाहिलेला होता. बेचाळीस वर्षांपूर्वी, कोल्हापुरात, वडिलांच्या आणि थोरल्या भावाच्या मध्ये बसून.

आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, गावातल्या दूध संस्थेचे सचिव होते. रोज पहाटे आणि संध्याकाळी लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे, आबा दूध मापून घ्यायचे, त्यातलं फॅटचं प्रमाण काढायचे आणि आकडा ज्याच्या त्याच्या पुस्तकात लिहायचे. आकडा ते कधी मोठ्याने वाचायचे नाहीत. ज्याचा त्याला पुस्तकात दाखवायचे. गावात कोणाच्या दुधात पाणी आहे हे एकट्या आबांना माहीत असायचं, आणि ते त्यांच्यापाशीच राहायचं.

रविवारी सकाळी कोल्हापुरात इंग्रजी पिक्चरचा खेळ असायचा. एका रविवारी संस्थेचं काम उरकून आबांनी आम्हा दोघांना सायकलवर घेतलं. मी दांडीवर, दादा मागे कॅरिअरवर. नऊ किलोमीटर. मी दहा वर्षांचा, दादा चौदाचा. पिक्चरचं नाव आम्हाला कळलं नाही, आबांनाही सांगता आलं नाही. पुढे आम्ही त्याला 'कुंपणाचा पिक्चर' म्हणायला लागलो.

अख्खा पिक्चर आबा आम्हाला मराठीत सांगत होते. हळू आवाजात, पण न थांबता. पुढच्या ओळीतला एक माणूस दोनदा मागे वळून बघून गेला, तिसऱ्यांदा मात्र वळला नाही. तोही ऐकायला लागला असावा.

"ह्यो करड्या टोपीवाला थोरला," आबा म्हणाले. "आन् त्यो काळ्या टोपीवाला धाकटा. बापाच्या माघारी थोरल्यानं रानात कुंपण घातलंय. धाकट्याची जनावरं आता नदीवर जाणार कुठनं? म्हणून त्यो रागावलाय."

मग धाकटा घर सोडून गेला, बारा वर्षांनी दाढी वाढवून परत आला. त्याने तारा कापल्या. थोरल्याची जनावरं उधळली. शेवटी नदीच्या पात्रात दोघं समोरासमोर आले, बार झाले, थोरला घोड्यावरून पाण्यात पडला.

"मेला?" मी विचारलं.

"न्हाई रं. हाताला लागलीया. बेशुद्ध पडलाय."

धाकट्याने थोरल्याला पाण्यातून उचललं, घोड्यावर आडवं घातलं आणि लगाम धरून चालत त्याच्या घरी नेलं. घराच्या व्हरांड्यात एक बाई उभी होती. "ती वहिनी," आबा म्हणाले. "आता ती त्याला हळद लावंल, दूध पाजंल. झालं, मिटलं भांडण." दिवे लागले.

त्यानंतर दोन-तीन उन्हाळे आम्ही तो पिक्चर नदीवर खेळायचो. म्हशी पाण्यात बसलेल्या असायच्या. दादा कायम थोरला, मी कायम धाकटा. दादा पाण्यात पडायचा, मी त्याला काखेत हात घालून काठावर ओढायचो. तो माझ्या दीडपट होता. तो एक डोळा उघडून म्हणायचा, "नीट उचल की, मेलोय काय मी?"

त्या रविवारी वॉलॉंगॉंगला मी तोच पिक्चर इंग्रजी सबटायटल लावून पाहिला. ते दोघं भाऊ नव्हते. त्यांचं काही नातंच नव्हतं. रानं सामायिक चराईची होती, करड्या टोपीच्या श्रीमंत माणसाने तिथे कुंपण घातलं, आणि ते घालू न देणाऱ्या एका शेतकऱ्याला त्याच कुंपणाशी गोळी घातली. काळ्या टोपीवाला त्या शेतकऱ्याचा मुलगा. बारा वर्षं तो एकाच कामासाठी जगला आणि शेवटी नदीत त्याने ते काम केलं. सहा बार, मी मोजले, सहावा छातीत. घोड्यावर आडवं घातलं होतं ते प्रेत होतं. व्हरांड्यातली बाई त्या श्रीमंत माणसाची बायको होती. मुलाने प्रेत तिच्या पायरीशी उतरवलं, टोपी काढली, एक शब्दही बोलला नाही. ती आत गेली आणि तिने दार लावलं. पिक्चर संपला.

मी शेवटची दहा मिनिटं चार वेळा पाहिली. मग टीव्ही बंद केला.

आता दादाचं सांगितलं पाहिजे, कारण तोपर्यंत दादा आणि मी पाच वर्षं बोललो नव्हतो.

दादा गावातच राहिला. त्याने म्हशी केल्या. सुरुवातीला दोन, मग वाढवत चौदा. आबा त्याच्याकडेच असतात. आई गेल्यावर आबांनी घरामागची वीस गुंठे जागा आम्हा दोघांच्या नावावर केली, दहा-दहा. दादाचा गोठा त्याच जागेत. पुढे मी सुट्टीवर गेलो तेव्हा मला वाटलं, एकदा सरकारी मोजणी करून घ्यावी. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. मला तिथे घर बांधायचं नव्हतं, विकायचं नव्हतं. दहा गुंठे म्हणजे कुठून कुठपर्यंत, एवढंच माहीत असावं असं वाटलं. ज्याची हद्द माहीत नाही ती वस्तू आपली आहे असं मला म्हणता येत नाही. माझा स्वभाव तसा आहे. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला वाटतंय तर आण." मी तो होकार समजलो.

मोजणीदार मशीन घेऊन आला. गल्लीतले पंधरा-वीस लोक जमले. गावात मोजणी म्हणजे बघण्याची गोष्ट असते. त्याने चुन्याची रेघ मारली. रेघ गोठ्याच्या भिंतीखाली शिरली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आली. त्याने टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी टेप धरली, बघितली आणि कामावर वाचतो तसं वाचलं, "अकरा फूट."

म्हणजे दादाचा गोठा अकरा फूट माझ्या जागेत होता. कोणी तरी हसलं. मी लगेच म्हणालो, "असू दे दादा, राहू दे तिथंच." तेही सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. आठवड्याने वहिनींचा फोन आला. दादाने अकरा फूट गोठा पाडला होता. त्या भागात चार म्हशी उभ्या राहायच्या, त्या विकल्या होत्या. चुन्याच्या रेघेवर खांब रोवून काटेरी तारेचे तीन पदर ओढले होते.

"मी किती सांगितलं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ते म्हणालं, त्याच्या हद्दीत माझं शेण नगं."

त्या दिवशी मी त्याला सात फोन केले. त्याने घेतले नाहीत. नंतर मी करायचं थांबवलं. मलाही त्याचा राग आला होता. मी गोठा पाड म्हटलं नव्हतं. मी फक्त एक आकडा वाचला होता आणि तो बरोबर होता. पाच वर्षं मी हेच स्वतःला सांगत होतो.

दर रविवारी मी वहिनींच्या फोनवर फोन करायचो, त्या फोन आबांच्या हातात द्यायच्या. आबा चौऱ्याऐंशीचे. कान जवळजवळ गेलेले. लॉकडाऊनच्या वर्षात आमचं बोलणं आटत आटत तीन वाक्यांवर आलं होतं. "बरं हाय. जेवलास का? ठेवतो." मी काय विचारलं ते त्यांना ऐकूच जायचं नाही. त्यांना ऐकू येईल असं एकच माणूस बोलायचा, दादा. तो उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचा. वहिनींचा आवाज बारीक, त्यांचं आबांना कळत नसे. फोनवर मला मागे बादल्यांचे आवाज यायचे. दादा तिथेच असायचा. त्या लाटेत आमच्या गल्लीतले तीन म्हातारे गेले, हे मला वहिनींनीच सांगितलं. आबा वाचले. पण पुढच्या रविवारी ते असतील का, हा हिशेब मी दर रविवारी फोन ठेवल्यावर करत बसायचो. विमान नव्हतं, परवानगी नव्हती, आणि तिकडे जे काही होईल ते दादाच करणार होता. मला कळवायचं की नाही हेही तोच ठरवणार होता.

पिक्चर पाहिल्यावर मला आबांना एकच गोष्ट विचारायची होती. तुम्हाला खरी गोष्ट कळली नव्हती, की कळूनही तुम्ही आम्हाला दुसरी सांगितली? हे विचारायला दादाच्या तोंडून विचारणं भाग होतं.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती आईच्या पायाला मालीश करत होती, फोन स्पीकरवर.

"मग कर ना त्यांना फोन," ती म्हणाली.

"तो घेणार नाही."

"पाच वर्षांत किती वेळा केलास?"

"पहिल्या दिवशी सात वेळा."

"आणि नंतर?"

मी वहीचं पान उलटलं.

"शून्य. हा आकडा वाच की मोठ्याने." मग तिचा आवाज खाली आला. "अरे, इथे रोज कोणाकोणाच्या बातम्या येतायत. आता नाही करणार तर कधी?"

पुढच्या रविवारी दुपारी अडीच वाजता मी दादाचा नंबर लावला. तिकडे सकाळचे दहा. त्याची डेअरीची फेरी झालेली असते आणि म्हशी पाण्यावर सोडायला थोडा वेळ असतो. नंबर मला पाठ होता. सहा रिंग झाल्या.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"दादा, मी आहे."

मागे कोंबडी ओरडल्याचा आवाज आला.

"आबा बरं हायत," तो म्हणाला.

"हो. त्यासाठी नाही केला."

"मग? पॉझिटिव्ह आलास व्हय?"

"नाही."

"एकटाच हाईस म्हणं तिथं. ही सांगत हुती. पॉझिटिव्ह आलास तर सांगायचं, लपवायचं न्हाई."

"नाही रे. बरा आहे. मी एक पिक्चर बघितला."

"पिक्चर."

"कुंपणाचा. आबांनी दाखवलेला, सायकलवरून गेलो होतो तो."

मला वाटलं फोन कट झाला. मी स्क्रीन बघितली. सेकंद पुढे जात होते.

"ह्यासाठी आस्ट्रेलियातनं फोन केलास?"

"हो."

"मर्दा, तुला काम न्हाई का काय तिथं?"

पण तो हसला होता. थोडासाच, नाकातून. मी घाईघाईने सांगून टाकलं. की ते भाऊ नव्हते. की थोरला हाताला लागून बेशुद्ध पडला नव्हता, मेला होता. की ती वहिनी नव्हती.

"मेलाच हुता की त्यो," दादा म्हणाला. "पान्यात तोंड पालथं घालून पडल्याला माणूस जित्ता असतोय व्हय? चौदा वर्साचा हुतो मी. रोज म्हशी पान्यात बघत हुतो."

"मग तू बोलला का नाहीस?"

"आबा म्हणालं जित्ता हाय, तर म्हटलं असंल जित्ता."

"आबांना विचार ना. त्यांना कळलं होतं का खरं?"

"आता?"

"हो, आता. फोन चालू ठेव."

चपलांचे आवाज आले. मग दादाचा तो आवाज, जो आबांना ऐकू जातो आणि गल्लीलाही.

"आबा! धाकट्याचा फोन हाय! व्हय, धाकट्याचा! माझ्याच फोनवर! आवो, त्यो पिक्चर! कुंपणाचा! घोड्याचा! त्यातली दोघं भाऊ न्हवती म्हणं! भाऊ! न्हवती! तुमी आमाला भाऊ म्हणून का सांगितलं?"

आबा काहीतरी म्हणाले. मला फक्त आवाजाची पट्टी कळत होती, बारीक आणि सावकाश. मग ते थांबले आणि पुन्हा थोडं बोलले. दादा फोनवर आला नाही. मी वाट बघत होतो. खिडकीतून रस्त्याकडेला एक मॅगपाय पक्षी गवतात चोच मारताना दिसत होता, दुसरं काही हलत नव्हतं.

"काय म्हणाले?" मी शेवटी विचारलं.

"म्हणत्यात, मला कुठं इंग्रजी येत हुतं. तोंडं बघून सांगत हुतो."

"आणि?"

"आन् काय."

"दादा, अजून काहीतरी म्हणाले ते. मी ऐकलं."

दादाने घसा साफ केला. "म्हणत्यात, दोघं एकमेकाकडं बघंनात. म्हणून मला भाऊच वाटलं."

हे वाक्य त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं आणि मला ते ऐकावं लागलं. मी ठरवून ठेवलं होतं ते वाक्य त्यानंतर म्हणालो. कागदावर लिहून समोर ठेवलं होतं.

"दादा, मी मोजणी आणायला नको होती."

"मोजणीचं काय न्हाई," तो लगेच म्हणाला, जसं पाच वर्षं त्याच्याकडे उत्तर तयारच होतं. "मोजणी सरकारी असती. जे हाय ते हाय. माझा गोठा तुझ्यात हुता, मला काय ठावं न्हवतं व्हय? तू मोठ्यानं वाचलास."

मी समोरचा कागद उलटा केला.

"आबा संस्थेत तीस वर्सं हुतं. कुणाचं फॅट कवा मोठ्यानं वाचलं त्यांनी? चोराचं बी वाचलं न्हाई. आन् तू सख्ख्या भावाचं वाचलास. गल्लीसमोर."

पाच वर्षं मी तो आकडा उलटसुलट तपासला होता. मोजणीदाराचं मशीन, टेपचा ताण, भिंतीची जाडी, सगळं. आकडा बरोबर होता. हे मात्र मी एकदाही तपासलं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"हं."

मग मी पुन्हा तेच केलं जे माझ्यासारखा माणूस करतो. मी म्हणालो, "ती अकरा फुटांची पट्टी मी तुझ्या नावावर करून देतो. बक्षीसपत्र करू. इकडून वकिलातीतून सही करून पाठवता येतं, मी चौकशी केली आहे. दोन साक्षीदार लागतात."

"झालं तुझं परत सुरू," दादा म्हणाला. "कागद."

"मग काय करू?"

"ये की. येऊन उभा राहा हितं. मग बघू काय करायचं ते."

"सध्या जाऊ देत नाहीत, दादा. बॉर्डर बंद आहे."

"कवा उघडणार?"

"सांगत नाहीत."

"तुझ्यासारख्याला बी ठावं न्हाई म्हणजे कुणालाच ठावं नसंल." तो कोणाला तरी म्हणाला, सोड त्या म्हशी. मग मला, "ठेवतो. पान्याची येळ झाली."

बोलणं एकोणीस मिनिटं झालं होतं. मी फोन टेबलावर ठेवला आणि घरात फिरलो. तिन्ही खोल्यांत गेलो. कोणाला तरी हे सांगायला हवं होतं, पण बायको आईला घेऊन डॉक्टरकडे गेली होती आणि मुलगी शिफ्टला. शेवटी बाहेर गेलो. शेजारचा म्हातारा कचऱ्याचा डबा रस्त्यावर ओढून ठेवत होता. "यू राइट, मेट?" तो म्हणाला. मी त्याला म्हणालो की आज मी माझ्या भावाशी बोललो. त्याला यात विशेष काय ते कळलं नाही. "गुड ऑन यू," असं काहीसं म्हणून तो आत गेला.

त्यानंतर दर रविवारी मी दादाच्या फोनवर फोन करायचो. बोलणं फार नसायचं, चार-पाच मिनिटं. कुठली म्हैस व्याली, सरकी पेंड मिळत नाही, आबांनी आज भाकरी खाल्ली की नाही. पहिला प्रश्न मात्र ठरलेला. "दिलं का सोडून?" मी म्हणायचो, अजून नाही. तो म्हणायचा, बरं. तो विषय तिथेच थांबायचा. गोठ्याचं त्याने पुन्हा काही काढलं नाही आणि मलाही धीर झाला नाही. फोन ठेवल्यावर घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटायचं. आधी निदान माझी तिकडे कोणी वाट बघत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी बातमी आली की पुढच्या महिन्यापासून दोन डोस घेतलेल्यांना देशाबाहेर जाता येईल, क्वारंटाइन न करता परत येता येईल. अकरा वाजले होते. तिकडे पहाटेचे साडेपाच. बायकोला सांगायच्या आधी मी दादाला फोन लावला. वहिनींनी उचलला.

"ते धारेला बसल्यात, भाऊजी. म्हशीनं पान्हा सोडलाय, आता उठता यायचं न्हाई."

"त्याला सांगा, सोडताहेत. पुढच्या महिन्यात."

वहिनी ओरडल्या. तिकडून दादा काहीतरी म्हणाला.

"इचारत्यात, किती दिवस राहणार?"

मला रजा किती शिल्लक आहे ते माहीत होतं, एकवीस दिवस. प्रवासाचे किती जातात तेही माहीत होतं. तोंडावर आकडा आला होता.

"ठरवलं नाही अजून, असं सांगा."

वहिनींनी ते तसंच ओरडून सांगितलं. वहिनींनी फोन तसाच धरून ठेवला, आणि बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज मला बराच वेळ ऐकू येत राहिला.